कडी, भाग चौथा

उत्तरा : सही कशावर हवीय ते आधी सांग. पेन मग दे.

यज्ञेश : अगं, साधा कागद आहे. माझ्या 'कडी' गेममध्ये तुझा आवाज वापरायला तुझी हरकत नाही, एवढंच लिहिलंय. बाहेरची मोठी कंपनी भाग चार काढतेय, त्यांचा वकील म्हणतो जिचा आवाज आहे तिची सही आणा. नाहीतर मी भर दुपारी अंधेरीहून मेट्रो पकडून घाटकोपरला कशाला तडफडलो असतो?

उत्तरा : बहिणीला भेटायला.

यज्ञेश : ते तर आहेच.

उत्तरा : क्लिनिक काढून दोन वर्षं झाली. आज उगवलास.

यज्ञेश : मार, मार टोमणे. ऐकून घ्यायलाच आलोय. पण झकास लावलीयस हां खोली. आणि हा काय, फ्रीजसारखा डबा?

उत्तरा : बूथ आहे. कानाच्या तपासणीचा. पेशंटला आत बसवायचं, दार लावायचं. मी बाहेरून बारीक बारीक आवाज सोडते. ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं.

यज्ञेश : म्हणजे गेमच की! बघ, एकाच आईची पोरं. आतून कसं वाटतं गं? पूर्ण बंद?

उत्तरा : मला काय माहीत. माझं काम बाहेर असतं.

यज्ञेश : एकदाही आत बसली नाहीस?

उत्तरा : कागद दाखव.

शकु : मॅडम, ते अडीचचे कुंडलिककाका आत्ताच येऊन बसलेत. म्हटलं अजून वेळ आहे, तर म्हणाले काय? परत ओरडून सांगितलं, तर परत म्हणाले काय? माझाच घसा बसला.

उत्तरा : बसू देत त्यांना. पाणी द्या, शकुताई. आणि जाताना दार लावू नका.

यज्ञेश : एसी चालू आहे, दार लाव की.

उत्तरा : राहू दे उघडं. बोल. चौथ्या भागात चिमी काय करते?

यज्ञेश : थेट चौथ्यावर उडी नको मारूस, खटकेल तुला. आधी ती कशी बदलत गेली ते ऐक. पहिला भाग. ओसाड कॉलनी, खेळणारा मोठा भाऊ, चिमी त्याची धाकटी बहीण. हत्यार काही नाही. आगपेटी, तिच्यात काड्या सहा. कुठवर आलो ते राखून ठेवायचं तर भिंतीवर खडूची रेघ मारायची, आणि खडू अख्ख्या गेममध्ये चार. मुख्य म्हणजे चिमीचा हात. त्याचं बटण दाबूनच ठेवायचं. बोट उचललं की हात सुटला. हात सुटला की दहा सेकंदांत तो, मागावर असलेला, येणार आणि खेळ खलास.

उत्तरा : आणि तिचा हात धरला असला की काडी ओढता येत नाही.

यज्ञेश : तुला कसं माहीत?

उत्तरा : खेळलेय.

यज्ञेश : तू? कडी?

उत्तरा : तिन्ही भाग. शेवटपर्यंत.

यज्ञेश : आयला! आणि मला बोलली नाहीस? दरवेळी विचारलं की म्हणायचीस, मला नाही बाबा ते जमत.

उत्तरा : माझं काय केलंयस ते बघायचं होतं.

यज्ञेश : तुझं नाही, चिमीचं.

उत्तरा : बरं, चिमीचं. दुसरा भाग.

यज्ञेश : पहिल्यावर लोकांनी जाम शिव्या घातल्या होत्या. अंगठा दुखतो, ही पोरगी गळ्यात धोंड आहे, वगैरे. म्हणून दुसऱ्यात 'थांब इथे' दिलं. चिमीला कपाटात ठेव, पलंगाखाली ठेव, एकटा जाऊन बघून ये. फक्त फार वेळ सोडलीस तर ती रडायला लागते, आणि रडणं ऐकलं की तो तिच्याकडे वळतो. म्हणजे आता निवड आली. हात धरून सावकाश जा, नाहीतर सोडून भराभर जा.

उत्तरा : पहिल्यात तिला सोडणं म्हणजे हरणं होतं. दुसऱ्यात ती सोय झाली.

यज्ञेश : वा! तू यार रिव्ह्यू लिहायला हवेस. बरं, तिसऱ्यात मात्र मी माती खाल्ली. मोठं व्हायच्या नादात लाठी दिली, पिस्तूल दिलं, सामानाच्या सहा खणांचे चोवीस केले. चिमीला काही होतच नाही, असं करून टाकलं.

उत्तरा : ती गोळ्या शोधून आणायची. दर दोन मिनिटांनी. 'दादा, हे घे.'

यज्ञेश : 'दादा, हे घे.' मीम निघाले होते त्याचे. सगळ्यात जास्त तोच खपला, पण भीती गेली. हातात पिस्तूल आणि दिमतीला बहीण असल्यावर घाबरणार कोण? म्हणून चौथ्यात सगळं काढून टाकलं. लाठी नाही, काडी नाही, खडू नाही. फक्त चिमी. आणि प्रत्येक दाराला कडी.

उत्तरा : कुठून?

यज्ञेश : काय कुठून?

उत्तरा : कडी आतून की बाहेरून?

यज्ञेश : बाहेरून. तेच तर आहे ना. तो जिन्यात उभा असतो, तुला पुढे जायचंय. मग चिमीला एका खोलीत ढकलायचं, कडी लावायची. ती ओरडते. तो तिच्या दाराकडे जातो. तू मागून निसटायचं.

उत्तरा : आमिष.

यज्ञेश : आम्ही ऑफिसात 'कोंडणं' म्हणतो.

उत्तरा : आणि कोंडल्यावर तिचं काय होतं?

यज्ञेश : परत येऊन कडी काढलीस तर असते ती. पण दरवेळी थोडी कमी होते. पहिल्यांदा धावत येऊन बिलगते. दुसऱ्यांदा नुसती मागून चालते. पाचव्यांदा दार उघडलं तरी बाहेर येत नाही, ओढून काढावी लागते. बघशील तर काटा येईल अंगावर.

उत्तरा : परत आलंच नाही कोणी, तर?

यज्ञेश : तर पुढचा मजला सोपा जातो.

उत्तरा : त्याची काही शिक्षा?

यज्ञेश : नाही ठेवली. शिक्षा ठेवली की लोक शिक्षा टाळायला चांगले वागतात, त्यात मजा काय? आम्ही बारा जणांना खेळायला दिला. खरं तर तीनदा कोंडून काम भागतं. एकानं चौदा वेळा कोंडली! विचारलं का रे बाबा, तर म्हणाला, ओरडते मस्त.

उत्तरा : ओरडते मस्त.

यज्ञेश : तुझं कौतुकच आहे ते. थांब, ऐकवतोच.

(लॅपटॉपमधून लहान मुलीचा आवाज येतो : 'दादा, कडी काढ ना. दादा, मी शहाण्यासारखी वागेन. दादा, कोणीतरी आहे इथे.' मग किंकाळी.)

शकु : मॅडम! काय झालं? कोण रडतंय?

उत्तरा : काही नाही, शकुताई. कॉम्प्युटर आहे.

शकु : अहो, काळजाचं पाणी झालं माझ्या. ते कुंडलिककाकासुद्धा उठून उभे राहिले! त्यांना ऐकू आलं, बघा.

यज्ञेश : बघ, बहिऱ्यालाही ऐकू जातं. ह्याला म्हणतात आवाज!

उत्तरा : हे मी कधी बोललेच नाहीये, दादा.

यज्ञेश : नाहीच बोललीस. तुझ्या जुन्या रेकॉर्डिंगवरून मशीननं बनवलंय. आता काय वाट्टेल ते वदवून घेता येतं. फक्त थोडं खरखरीत आहे अजून, म्हणून तुझा अर्धा तास हवाय. ह्या बूथमध्येच करू, बाहेरचा आवाज नाही, काही नाही. तू आत बस, मी दार लावतो...

उत्तरा : नाही.

यज्ञेश : बरं, बूथ नको. स्टुडिओत ये.

उत्तरा : स्टुडिओ नको आणि सहीही नाही. ऐक, मी सरळ सांगते. पहिल्या भागाच्या वेळी मी एकोणीस वर्षांची होते. मुलुंडच्या घरात कपाटाला गोधड्या लावून तीन संध्याकाळी ओरडले मी तुझ्यासाठी. नीट येत नव्हतं तर तू म्हणालास, पंपरूम आठव. आठवली. आलं नीट. मग तू मशीनवर आवाज बारीक करून मला सहा वर्षांची केलीस. तेव्हा काही बोलले नाही. वाटलं, गेममध्ये तरी हा हात धरून चाललाय. आता लाखो लोक मला बाहेरून कडी लावणार, आणि पोरं म्हणणार मस्त ओरडते. मला नको आहे ते. मला भीती वाटते त्याची, कळलं? एकोणतिसाव्या वर्षी वाटते.

यज्ञेश : उत्तू, बी प्रॅक्टिकल. ऑफिसात पंचेचाळीस माणसं आहेत. सही नाही म्हणजे भाग चार नाही. त्यांची वाट लागेल. तू एका लहानपणच्या गोष्टीवरून...

उत्तरा : कुठल्या गोष्टीवरून?

यज्ञेश : तेच, पंपरूम.

उत्तरा : सांग ना काय झालं होतं. तुझ्या तोंडून ऐकू दे. त्या मुलाखतीत फार छान सांगितलंस.

यज्ञेश : कुठली मुलाखत?

उत्तरा : ती यूट्यूबवरची. 'मी सहा वर्षांचा होतो, मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या पंपरूममध्ये दुपारभर अडकलो होतो. त्या अंधारातून कडी जन्माला आली.' डोळ्यांत पाणी होतं तुझ्या.

यज्ञेश : ते... अगं, कॅमेऱ्यासमोर तसं सांगावं लागतं. लोकांना एक गोष्ट लागते. माझी बहीण अडकली होती म्हटलं तर पुढचा प्रश्न येतो, कोणी अडकवली.

उत्तरा : हो. येतो खरा.

यज्ञेश : अकरा वर्षांचा होतो यार मी!

उत्तरा : आणि मी सहा. डबा ऐसपैस चालू होतं, राज्य तुझ्यावर. मी पंपाच्या मागे लपलेली तू पाहिलीस. नाव घेऊन 'उत्तरा ऐसपैस' म्हणायचं आणि मला बाद करायचं, एवढंच काम होतं. तू नाव घेतलं नाहीस. कडी लावलीस.

यज्ञेश : गंमत म्हणून. पाच मिनिटांत काढणार होतो, मग सगळे खेळता खेळता मागच्या बिल्डिंगीत गेलो, आणि विसरलो. देवाशप्पथ विसरलो.

उत्तरा : चार वाजता पंप आपोआप सुरू झाला. एवढ्याशा खोलीत. दिवेलागणीला दादू वॉचमन पंप बंद करायला आला, तेव्हा मी सापडले. घरी आणलं तर आईनं मलाच मारलं, कारण तू सांगून ठेवलं होतंस, ती स्वतःच लपली आणि दार अडकलं. मी मार खात होते आणि तू वरणभात खात होतास. आई अजून नातेवाइकांना सांगते, आमची उत्तरा भारी हट्टी, लपली की लपली.

यज्ञेश : चुकलं माझं. शंभरदा चुकलं. विसरणं हा गुन्हाच आहे, मान्य.

उत्तरा : विसरला नव्हतास.

यज्ञेश : म्हणजे?

उत्तरा : तुझ्या गेममध्ये सगळं बदललं. काड्या गेल्या, पिस्तूल आलं, पिस्तूल गेलं. एक गोष्ट तिन्ही भागांत तशीच आहे. आपण लपलेले असतो, तो बाहेर येतो, दाराशी थांबतो आणि काही न करता निघून जातो. त्याची पावलं ऐकलीयस?

यज्ञेश : मीच रेकॉर्ड केलीयत. ती तर कडीची ओळख आहे, लोकांनी रिंगटोन केलीय.

उत्तरा : एक पाय नीट पडतो. दुसरा फटक करून घासतो. तुझ्या रबरी चपलेचा अंगठा तुटला होता त्या मे महिन्यात. आईनं सेफ्टी पिन लावून दिली होती. अशीच वाजायची. पंप सुरू व्हायच्या आधी तू आला होतास. दाराशी उभा राहिलास. कडीला हात लावलास, ती वाजली. आणि परत गेलास.

यज्ञेश : आतून आवाजच नव्हता गं. मला वाटलं कोणीतरी काढलं असेल तुला.

उत्तरा : कडी लावलेली होती, दादा. तुझ्या हातात होती. सही हवीय ना? मग हे एक तरी खरं बोल. का गेलास?

यज्ञेश : राग येईल तुला.

उत्तरा : येऊ दे.

यज्ञेश : बरं वाटलं. बस, एवढंच. बिल्डिंगीत सगळे मला मारायचे, शाळेत मारायचे, बाबा पट्टा काढायचे. त्या दिवशी आत कोणीतरी घाबरलेलं होतं आणि बाहेर मी होतो. आयुष्यात पहिल्यांदा भीती दुसऱ्या बाजूला होती. म्हटलं, अजून थोडा वेळ राहू दे असंच. मग थोडा वेळ झाला, आणि मग काढायला जायची हिंमत होईना. पण मला एक कळलं नाही कधी. जिन्यापर्यंत तुझं रडणं ऐकू येत होतं, चांगलं मोठ्यानं. मी दाराशी आल्यावर एकदम बंद कसं झालं?

उत्तरा : चप्पल ओळखली.

यज्ञेश : मग तर अजून ओरडायला हवं होतंस.

उत्तरा : कशाला? दादा आला होता. आता उघडणारच होता. रडताना सापडले असते तर वर्षभर चिडवलं असतंस सगळ्यांसमोर. म्हणून फ्रॉकचा बोळा तोंडात कोंबला, आणि डोळे पुसून उभी राहिले दाराशी. दार उघडलं की 'भ्वॉक' करणार होते तुला.

शकु : मॅडम, अडीच वाजले हां. काका विचारतायत, मघाशी रडत होती ती मुलगी बरी आहे ना?

उत्तरा : बरी आहे म्हणावं. दोन मिनिटांत घेते त्यांना. दादा? बोल काहीतरी. पाणी हवंय?

यज्ञेश : थांब. थांब थांब थांब.

उत्तरा : काय झालं?

यज्ञेश : ओरडणं चुकीचं आहे.

उत्तरा : हं?

यज्ञेश : म्हणजे कोंडल्यावर ओरडू दे, तो आमिषाचा भाग झाला. पण भाऊ परत दाराशी आला, की ती गप्प झाली पाहिजे. एकदम. कारण तिला वाटतंय तो उघडणार. आणि बाहेर ह्याला काहीच कळत नाही. आहे की मेली? हात कडीवर, समोर बंद दार, आत शांत. काढायची की जायचं? आणि गेला, की पावलांबरोबर तिला कळणार तो गेला! उत्तू, बारा महिने डोकं आपटतोय आम्ही ह्या सीनवर. पेन दे.

उत्तरा : पेन तुझंच आहे.

यज्ञेश : हां, हां. हे असलं कोणी केलेलं नाही. कोणीच नाही.

उत्तरा : दादा, मी तुला काय सांगितलं ते कळलं का तुला?

यज्ञेश : कळलं म्हणून तर लिहितोय! बरं, आणि एक गुड न्यूज. हा कागद राहू दे. फाडून टाक.

उत्तरा : म्हणजे माझा आवाज नाही वापरणार?

यज्ञेश : कशाला? नुसतं ओरडायला काय, कुठलीही पोरगी मिळेल. खरी जादू गप्प बसण्यात आहे. आणि गप्प बसण्याला कोणाची सही लागत नाही. सुटलीस तू! खूश? एकच सांग, मग पळतो. किती वेळ गप्प होतीस? अंदाजानं. सेकंदांत.

उत्तरा : तू जाईपर्यंत.

यज्ञेश : असं नाही चालत गं, गेमला आकडा लागतो. वीस? तीस?

उत्तरा : एकशे बारा.

यज्ञेश : एवढं नेमकं?

उत्तरा : मोजत होते. तेव्हा शंभरपर्यंतच यायचं मला. शंभर झाले, मग परत एकपासून बारा.

यज्ञेश : एकशे बारा म्हणजे जवळजवळ दोन मिनिटं. नाही गं, फार होतात. बंद दारासमोर एवढा वेळ कोणी उभा राहत नाही.

उत्तरा : तू राहिला होतास.